वडिलांची राहिलेली पेन्शन आणि सातबाऱ्यावरचं आईचं नाव

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचे वडील सहा महिन्यांपूर्वी वारले, वय ७६. १९८२ ते २००३ ते चिंचवडच्या एका खासगी कारखान्यात कामाला होते. व्हीआरएस घेतली आणि जुन्नर तालुक्यातल्या गावी येऊन शेती केली. त्या वेळी प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे मिळाले, पेन्शन मात्र कधी आली नाही. आई ७१ वर्षांची आहे. थोडी जमीन, बँकेत थोडी ठेव. श्रावणबाळ या सरकारी पेन्शन योजनेचा अर्ज उत्पन्नाच्या कारणावरून नाकारला गेला. भाऊ म्हणतो, वारसनोंद करतोच आहोत तर आईचं आणि तुझं हक्कसोडपत्रही उरकून घेऊ. ताई विचारतात, आईला आणखी कुठून काही मिळू शकेल का?

ताई, मिळू शकेल. तुमच्या पत्रातल्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. एक, "फंडाचे पैसे मिळाले, पेन्शन कधी आली नाही." दुसरी, हक्कसोडपत्राची. तुमच्या आईचे बहुतेक पैसे या दोन ओळींत अडकलेत, म्हणून आधी त्यांच्याबद्दलच सविस्तर लिहिते.

मी अठ्ठावीस वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये होते. मस्टर, पगारपत्रकं, फंडाचे फॉर्म हेच काम. निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत बसते आणि लोकांचे कागद पाहते. येणारा प्रत्येक जण विचारतो, "बाई, नवीन कुठली योजना आलीय का?" मी म्हणते, योजनेचं नंतर बघू, आधी घरातली ट्रंक उघडा. योजनेच्या अर्जाला कुणीतरी नाही म्हणू शकतं. माणसाने नोकरी करून कमावलेली पेन्शन, हप्ते भरून घेतलेली पॉलिसी, नावावरचा शेअर, यांना नाही म्हणायचा अधिकार कुणाला नसतो. पण ते घरात कुणी मागितलेलंच नसतं.

आता पेन्शन. खासगी कारखान्यातल्या कामगारांना वाटतं की पेन्शन सरकारी नोकरांना असते, आपल्याला फंड. असं वाटायला कारण आहे. १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना सुरू झाली, तिच्यासाठी कामगाराच्या पगारातून वेगळा पैसा कापला जात नाही. मालकाचा जो हिस्सा असतो त्यातले ८.३३ टक्के परस्पर पेन्शन फंडात वळते होतात. पगाराच्या चिठ्ठीवर त्याची ओळच नसते, मग कामगाराला कळणार कुठून? घरात फंडाची वार्षिक पावती असेल तर नीट बघा. कामगाराच्या हिश्शाची रक्कम मोठी आणि मालकाच्या हिश्शाची बरीच लहान दिसेल. लोकांना वाटतं मालकाने कमी भरले. तो फरक म्हणजेच पेन्शनमध्ये गेलेला पैसा.

१९९५ च्या आधी, १९७१ पासून, कुटुंब पेन्शन योजना होती. तुमचे वडील १९८२ पासून तिचे सभासद असतील तर ती सेवाही धरली जाते. म्हणजे वडिलांची सेवा एकवीस वर्षांची झाली. पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात. आणि दहा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला पेन्शनचा पैसा एकरकमी काढून घेता येत नाही. त्याला पेन्शनच घ्यावी लागते, किंवा वय होईपर्यंत स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला. म्हणून २००३ साली वडिलांच्या हातात जे पडले ते फंडाचे पैसे. पेन्शन तिथेच राहिली. २००७ च्या सुमारास ५८ वर्षं पूर्ण झाल्यावर त्यांनी '१०-डी' नावाचा फॉर्म भरायला हवा होता. तो भरल्याशिवाय पेन्शन सुरू होत नाही, कार्यालय आपणहून घरी पत्र धाडत नाही. व्हीआरएसच्या गडबडीत शंभर सह्या घेतल्या जातात, चार वर्षांनी आणखी एक फॉर्म भरायचा आहे हे लक्षात कुणाच्या राहतं? मी स्वतः अशी सेटलमेंट केलेली आहे. तेव्हा प्रत्येकाला थांबवून हे सांगायला हवं होतं, ते आम्ही सगळ्यांच्या बाबतीत केलं नाही. आज गुरुवारी बसते त्याचं ते एक कारण आहे.

मागच्या पावसाळ्यात एक मावशी आल्या होत्या. कापडी पिशवीत विजेची बिलं, लग्नपत्रिका, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, सगळं एकत्र. मी एकेक कागद टेबलावर मांडत होते. तळाशी चार घड्या घातलेला, कडा पिवळ्या पडलेला कागद निघाला, वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईने त्यांच्या नवऱ्याच्या हातचं 'जपून ठेवणे'. तेच स्कीम सर्टिफिकेट. मावशींनी तो खरंच जपून ठेवला होता, अकरा वर्षं. त्यावर त्यांचं स्वतःचं नाव होतं, पत्नी म्हणून, जन्मतारखेसकट. त्यांना वाचता येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं त्यांनी पिशवी उघडली नव्हती.

तुम्ही ट्रंकेत हेच शोधा: स्कीम सर्टिफिकेट, फंडाची वार्षिक पावती, व्हीआरएसचं पत्र, जुनी पगारचिठ्ठी, कारखान्याचं ओळखपत्र. या सगळ्यात एक गोष्ट सापडली पाहिजे, फंडाचा खाते क्रमांक. जुन्या कागदांवर तो सहसा 'एमएच' या अक्षरांनी सुरू होतो, मग आस्थापनेचा क्रमांक आणि शेवटी कामगाराचा. नाहीच सापडला तर त्या काळात वडिलांबरोबर काम केलेल्या कुणाचा तरी मिळवा. आस्थापनेचा क्रमांक सगळ्यांचा एकच असतो, तेवढ्यावर कार्यालयात नोंद शोधता येते.

मग आईच्या नावाने १०-डी भरायचा. सोबत मृत्यूचा दाखला, आईचं आधार, वयाचा पुरावा, फोटो, बँक पासबुकाची प्रत. पत्नीला वडिलांच्या पेन्शनच्या निम्मी पेन्शन तहहयात मिळते आणि ती दरमहा १००० रुपयांच्या खाली जात नाही. ही किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून आहे. वडिलांच्या काळात हिशोबाला धरायच्या पगाराची मर्यादा आधी ५००० आणि २००१ पासून ६५०० रुपये होती, त्यामुळे आकडा हजाराच्या आसपासच राहील. फार मोठी आशा धरू नका. पण ५८ व्या वर्षापासून वडील जाईपर्यंतची त्यांची स्वतःची पेन्शनही न मागितलेलीच आहे. अर्जाला एक वेगळं पत्र जोडा आणि त्यात स्पष्ट लिहा की वडिलांनी हयातीत पेन्शनचा दावा केला नव्हता, तरी त्यांची देय थकबाकी वारसांना मिळावी. हे पत्र न जोडता नुसता फॉर्म दिला तर आईची पेन्शन सुरू होईल आणि थकबाकीचा विषय तिथेच बुडेल. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह.

कारखाना बंद पडला असेल तर मालकाची सही कुठून आणायची, हा नेहमीचा प्रश्न. मालक नसेल तिथे बँकेचे शाखाधिकारी, राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर यांचं साक्षांकन चालतं. या कारणावरून अर्ज परत केला तर तसं लेखी मागा. दर महिन्याच्या २७ तारखेला फंड कार्यालयाचे लोक जिल्ह्याजिल्ह्यात 'निधी आपके निकट' नावाचं शिबिर घेतात, तिथे कागद समोरासमोर दाखवता येतात. पुण्याच्या हेलपाट्यांपेक्षा ते बरं. उत्तर मिळेना तर ईपीएफआयजीएमएस या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, तिला क्रमांक मिळतो आणि क्रमांक मिळाला की फाईल हलते. जानेवारी २०२५ पासून ही पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत घेता येते, तेव्हा आईचं गावाजवळचं खातंच द्या. पुढे वर्षातून एकदा हयातीचा दाखला. या पेन्शनला नोव्हेंबरचीच अट नाही, ज्या महिन्यात दाखला दिला तिथून बारा महिने तो चालतो.

आता हक्कसोडपत्र. तुमच्या भावाच्या मनात वाईट आहे असं मी अजिबात धरत नाही. गावात हे रीत म्हणूनच चालतं. बहिणी सही करतात आणि आई तर गृहीतच धरलेली असते, "तिला कशाला पाहिजे नाव, आम्ही आहोत की." पण ताई, म्हाताऱ्या बाईचं सातबाऱ्यावरचं नाव नुसत्या जमिनीपुरतं नसतं, शेतीशी जोडलेलं जे जे काही सरकार देतं ते त्या नावावर येतं. वडिलांच्या वाट्याच्या जमिनीत आई, भाऊ आणि तुम्ही असे तिघे असाल तर तिघांचा सारखा हिस्सा. आईने आपला सोडला की ती त्या दिवसापासून शेतकरी राहत नाही.

काय जातं ते बघा. पंतप्रधान किसानचे वर्षाला ६००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६०००, मिळून १२,०००. या योजनेत १ फेब्रुवारी २०१९ नंतर ज्यांच्या नावावर जमीन आली त्यांना घेत नाहीत, पण खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाहक्काने जमीन आली असेल तर घेतात. हा अपवाद पुष्कळांना माहीत नाही आणि म्हणून विधवा अर्जच करत नाहीत. आईचं नाव फेरफाराने लागलं की तिचा शेतकरी ओळख क्रमांक काढा आणि नवी नोंदणी करा. वडिलांच्या खात्यात त्यांच्या मृत्यूनंतरही हप्ते पडत असतील तर ते काढू नका. कृषी विभागाला मृत्यू कळवा, नाहीतर पुढे वसुली लागते आणि आईची नोंदणीही अडते.

तलाठ्याकडे वारसाचा अर्ज गेला की नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीसाठी असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तिघांचीही नावं लागू द्या. शेती भाऊच करतो ना, करू द्या, नावं लागल्याने त्याची मशागत थांबत नाही. आणि आईला आपला हिस्सा पुढे मुलालाच द्यायचा असेल तर त्यासाठी मृत्युपत्र आहे. मृत्युपत्र बदलता येतं, रद्द करता येतं आणि आई असेपर्यंत जमीन आईचीच राहते. नोंदवलेलं हक्कसोडपत्र मागे घेता येत नाही. भावाला हे असंच शांतपणे सांगा. बहुतेक भावांना हा फरक कुणी सांगितलेलाच नसतो. माझ्याकडे आलेल्या दोन-तीन भावांनी तिथेच, माझ्या टेबलासमोर, विचार बदललेला मी पाहिला आहे.

कुणी बक्षीसपत्रच करणार असेल, तर त्यात "देणाऱ्याचा सांभाळ, औषधपाणी घेणारा करील" ही अट शब्दांत लिहून घ्यावी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ असं आहे की सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न केल्यास, न्यायाधिकरण परत फिरवू शकतं. अट दस्तात नसेल तर ती होती हे सिद्ध करण्यात म्हातारपण निघून जातं. त्याच कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करून मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो, वकिलाची गरज नसते. तुमच्या घरी ही वेळ नाही, येऊही नये. पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी आलेली असेल, म्हणून लिहिलं.

श्रावणबाळचं तुम्हाला सरळ सांगते. ६५ वर्षांवरच्यांना दरमहा १५०० रुपये मिळतात, पण दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. महिन्याला १७५० रुपये झाले. एवढ्यात कुणाचं घर चालतं? ही मर्यादा माझ्या मते अन्यायाची आहे आणि ती वाढावी म्हणून आमचा संघ निवेदनं देत आला आहे. शिवाय लाडकी बहीणचे पैसे ६५ व्या वर्षी थांबतात. तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची, इथे एकवीस हजारांची. ज्या बाईला चौसष्टाव्या वर्षी पैसे मिळत होते तिला सहासष्टाव्या वर्षी काहीच मिळत नाही, असं नेमकं त्यामुळे होतं. पण तुम्हाला कुणी "एकवीस हजारांचा दाखला काढून देतो, दोन हजार द्या" म्हणालं तर जाऊ नका. पडताळणी होते, दिलेलं परत मागतात आणि म्हातारं माणूस तहसील कचेरीत मान खाली घालून उभं राहतं. मी ते बघितलं आहे. तुमच्या आईच्या बाबतीत तो अर्ज सोडून द्या.

त्याऐवजी दवाखान्याची तजवीज आजच करा. आई ७१ ची आहे. ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, योजनेत असलेल्या रुग्णालयात भरती झाल्यावर. आधीपासूनचा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार काहीही चालतो, थांबायची मुदत नाही. खासगी विमा असला तरी हे मिळतं. ओपीडीची तपासणी आणि गोळ्या मात्र यात येत नाहीत. "आमचं उत्पन्न जास्त आहे, आम्हाला कोण देणार" असं म्हणून कितीतरी सुखवस्तू घरांतल्या आजी-आजोबांनी हे कार्ड काढलेलंच नाही. मुलांना रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागाबाहेर त्याची आठवण होते.

कार्ड आधारवरून निघतं आणि खरी अडचण तिथेच येते. जन्मभर खुरपं धरलेल्या बाईच्या अंगठ्याला रेषा राहिलेल्या नसतात. केंद्रावरचा मुलगा यंत्र पुसतो, मावशींचा अंगठा ओल्या फडक्याने पुसतो, दाबतो, पुन्हा दाबतो, यंत्र लाल दिवा दाखवतं. शेवटी मावशीच म्हणतात, "जाऊ दे रे बाळा, माझ्या नशिबातच नाही." तिथे घरी परतायचं नाही. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवर काम होतं, चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे, डोळ्यांवरूनही आहे. म्हणून सगळ्याच्या आधी आईच्या आधारला तुमचा किंवा भावाचा चालू नंबर जोडा. आणि आधारवरचं वर्ष बघा. त्या पिढीतल्या अनेकांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आणि अंदाजाने टाकलेलं वर्ष असतं. चार वर्षं कमी पडली असतील तर सत्तरीची गोष्ट चार वर्षं लांबते. जन्मतारीख एकदाच दुरुस्त करू देतात, तेव्हा पुरावा हातात घेऊनच जा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशन कार्डावरही चालते, २०२३ च्या निर्णयानंतर मर्यादाही दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. रुग्णालयात 'आरोग्यमित्र' अशी पाटी असलेलं टेबल असतं, भरती करताना आधी तिथे जायचं, बिल झाल्यावर नव्हे.

ज्याबद्दल पुण्या-मुंबईकडच्यांनाही माहिती कमी आहे ते म्हणजे धर्मादाय रुग्णालयं. ट्रस्टची जी मोठी रुग्णालयं सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क-क खाली येतात, त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये यासाठी योजना घालून दिली. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत, दुर्बल म्हणजे ३,६०,००० पर्यंत. श्रावणबाळच्या एकवीस हजारांशी तुलना करून बघा. ज्यांना १५०० रुपयांची पेन्शन नाकारली जाते त्यांना इथे लाखभराचा उपचार हक्काने मिळू शकतो. त्यासाठी बाकीच्या रुग्णांच्या बिलांतून दोन टक्के रक्कम बाजूला काढून वेगळा निधी ठेवलेला असतो, म्हणजे ही त्या रुग्णालयाने केलेली मेहेरबानी नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटा, निर्धन रुग्ण योजनेचा फॉर्म मागा. खाट नाही म्हणाले तर जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात कळवा. म्हणून उत्पन्नाचा चालू वर्षाचा दाखला घरात काढून ठेवावा, आजारपणात सेतूच्या रांगेत उभं राहायची वेळ येऊ नये.

बँकेचं आता. वडिलांच्या ठेवींवर आई नॉमिनी असेल तर मृत्यूचा दाखला आणि आईचं ओळखपत्र पुरतं. न्यायालयातून वारस दाखला आणा असं बँकेने नॉमिनीला सांगायचं नाही, ही रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. आईच्या स्वतःच्या जुन्या ठेवी तपासा. ठेव साठीच्या आधी ठेवलेली असते, दरवर्षी आपोआप पुढे जाते आणि ज्येष्ठांचा जादा व्याजदर, साधारण अर्धा टक्का, तिला लागलेलाच नसतो. पासबुकावर 'सीनियर सिटिझन' लिहिलंय का एवढं बघायचं. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या बँकेतल्या व्याजावर एका वर्षात एक लाखापर्यंत टीडीएस कापत नाहीत. त्याहून जास्त व्याज असून कर लागत नसेल तर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच, आजवर १५-एच म्हणून ओळखला जाणारा फॉर्म द्यायचा. आधी कापला गेला असेल तर विवरणपत्र भरून परत मागता येतो, पण हजार-दोन हजारांसाठी कोण भरतं म्हणून लोक सोडून देतात. ती आजीच्या तीन महिन्यांच्या गोळ्यांची किंमत असते. पैसे गुंतवायचेच झाले तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा, दर तिमाहीला व्याज हातात येतं.

वडील १९८२ पासून कामाला होते म्हणता, तर पगारातून कापून जाणारी एलआयसीची पॉलिसी असायची बरीच शक्यता आहे. व्हीआरएसनंतर हप्ते बंद पडले असतील, पण तीन वर्षं हप्ते भरलेली जुनी पॉलिसी संपत नाही, तिचं पेड-अप मूल्य, म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणातली रक्कम, राहतं. एलआयसीच्या संकेतस्थळावर नाव आणि जन्मतारीख टाकून बेवारस रकमा शोधता येतात. दहा वर्षांपेक्षा जास्त पडून राहिलेला विम्याचा पैसा ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातो, तिथून पुढे पंचवीस वर्षं मागता येतो. बँकांमधल्या दहा वर्षं न हललेल्या खात्यांसाठी रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' संकेतस्थळ आहे. चिंचवडला असताना तिथल्या एखाद्या बँकेत पगाराचं खातं असेलच, ते बंद केलं होतं का हे आईला विचारा.

आणि गावाकडचं. साखर कारखान्याचा शेअर, विविध कार्यकारी सोसायटीचे भाग, पतसंस्थेची ठेव, दूध सोसायटीतली अनामत. हे कुठल्याच संकेतस्थळावर सापडत नाही, वडिलांच्या मित्रांना विचारावं लागतं. कारखान्याचा शेअर आईच्या नावावर झाला की सभासदाची सवलतीची साखरही सुरू राहते.

कानाला कमी ऐकू येत असेल, गुडघ्याला पट्टा लागत असेल, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना ३००० रुपये एकदा मिळतात, उत्पन्न दोन लाखांच्या आत हवं. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. एसटीला आईला आता अर्धं तिकीट आहेच, पंचाहत्तरी झाली की मोफत. गावात कुणी भजनी, कीर्तनकार, तमाशातले जुने कलावंत असतील तर त्यांच्यासाठी कलावंत मानधन आहे, महिना ५०००, ते विचारायला सांगा. जुन्नरकडे अशी माणसं घरोघरी आहेत. आणि शेतकरी कुटुंबातलं कुणी अपघाताने गेलं असेल, सर्पदंश, वीज पडणं, विहिरीत पडणं, तर गोपीनाथ मुंडे योजनेतून दोन लाख मिळतात, पंचाहत्तर वर्षांपर्यंत. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांच्या आत करायचा असतो आणि दहावं-तेरावं आणि पुढची धावपळ उरकेपर्यंत ते दिवस निघून जातात. कुठे अडलात तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत क्रमांक आहे, त्यांना मराठीत सांगता येतं.

तुम्ही गावी जाल तेव्हा पहिल्या दिवशी फक्त आधारचा मोबाइल नंबर आणि वय वंदना कार्ड करा. दुसऱ्या दिवशी आईला शेजारी बसवून ट्रंक उघडा. तिला वाचता येत नसलं तरी कुठला कागद कधी आला हे तिला आठवतं, तुमच्यापेक्षा जास्त. भावालाही बसवा. फंडाचा क्रमांक सापडला की मला कळवा, १०-डी आणि थकबाकीचं पत्र आपण मिळून भरू. वारसनोंदीचा अर्ज तिघांच्या नावाने खुशाल जाऊ द्या. हक्कसोडपत्राचा स्टँप आणला असेल तर तो तूर्त कोराच राहू दे.